धावणाऱ्या लेकरांसाठी घड्याळ कोणते घ्यावे?



पोलीस भरतीची जाहिरात निघणार अशी कुणकुण लागली की आपल्या वस्त्यांतली पोरं-पोरी पहाटे धावताना दिसू लागतात. नगरला वाडिया पार्कवर, राहुरी-श्रीरामपूरकडे शाळेच्या मैदानावर आणि पाथर्डी-जामखेडकडे सरळ डांबरी सडकेवर. थोडे दिवस गेले की घरात एक मागणी पुढे येते : "मला जीपीएसचं घड्याळ पाहिजे." बाप हमालीला किंवा बांधकामावर जाणारा, आई धुणीभांडी करणारी किंवा ऊसतोडीला जाणारी. घड्याळाची किंमत ऐकून दोघेही गप्प बसतात. लेकराला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायला हातात पैसा नसतो. मग बचत गटातून कर्ज काढायचे किंवा दुकानदाराच्या हप्त्याला सही करायची, असे ठरते. सही करण्यापूर्वी हा लेख घरात सर्वांनी मिळून वाचावा, एवढीच विनंती.

प्रथम हे जीपीएस म्हणजे काय ते समजून घेऊ. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे उपग्रह फिरत असतात. ते सतत वेळेचा संदेश पाठवतात. घड्याळाला एका वेळी निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले की आपण कोठे आहोत हे ते काढते. दर सेकंदाला अशी जागा काढून त्या जागांमधले अंतर ते जोडत जाते. तेच आपले धावलेले अंतर. ही सेवा फुकट आहे. त्यासाठी कसलेही रिचार्ज लागत नाही. मे २००० पर्यंत अमेरिका सामान्य लोकांसाठी हा संदेश मुद्दाम कमी अचूक ठेवत असे, नंतर ते बंद केले. रशिया, युरोप व चीनच्याही अशा यंत्रणा आहेत. आपल्या इस्रोने या कामाचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडला. त्या यंत्रणेचे नाव नाविक. बरीच घड्याळे आता एकाहून जास्त यंत्रणांचे संदेश घेतात.

उपग्रहाचा हा संदेश फार क्षीण असतो. पत्र्याखाली, दाट झाडीत किंवा उंच इमारतींच्या मध्ये तो नीट पोचत नाही. म्हणून मोकळ्या मैदानात एक-दोन मिनिटे उभे राहावे, घड्याळाने जागा धरली अशी खूण दाखवली की मगच धावायला लागावे. इतके करूनही मापात थोडी चूक राहतेच. सरळ सडकेवर ती कमी असते, गोल मैदानावर वळणे घेताना जास्त.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या लेकराला धावायचे आहे किती? अलीकडच्या पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर व मुलींना ८०० मीटर धावावे लागले, शिवाय दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांनी १६०० मीटर ५ मिनिटे १० सेकंदांत आणि मुलींनी ८०० मीटर २ मिनिटे ५० सेकंदांत संपवले तर पूर्ण २० गुण. पुढे सेकंद वाढतील तसे गुण उतरतात. (नियम बदलू शकतात, म्हणून प्रत्येक वेळी ताजी जाहिरात वाचावी.) ४०० मीटरच्या मैदानावर हा हिशेब सोपा आहे. मुलाला चार फेऱ्या, प्रत्येकी साडेसत्त्याहत्तर सेकंद. मुलीला दोन फेऱ्या, प्रत्येकी ८५ सेकंद.

समजा, जीपीएसच्या घड्याळाने शेकडा दोनची चूक केली. १६०० मीटरवर ती ३२ मीटर झाली. पूर्ण गुणांच्या वेगाने ३२ मीटर धावायला सुमारे सहा सेकंद लागतात. म्हणजे घड्याळ म्हणते झाले १६०० मीटर, आणि प्रत्यक्षात पोरगा ३२ मीटर कमी धावलेला असतो. तो महिनाभर खुशीत राहील आणि भरतीच्या दिवशी सहा सेकंदांनी मागे पडेल. जिथे अर्ध्या-एका गुणावर यादी तुटते तिथे ही चूक परवडणारी नाही. तेव्हा १६०० व ८०० मीटरसाठी खरी गरज दोन गोष्टींची आहे : नीट मोजलेले अंतर आणि साधे स्टॉपवॉच. स्टॉपवॉच हजार-पंधराशेच्या डिजिटल घड्याळात असते. घरातल्या मोबाईलमध्येही असते, फक्त तो धरायला रेषेवर धाकट्या भावाला उभे करावे लागते.

गावात मोजलेले मैदान नाही, हे खरे. पण सायकल तर आहे? चाकावर खडूने एक खूण करा आणि सायकल सरळ ढकलत चाकाचा एक पूर्ण फेरा टेपने जमिनीवर मोजा. समजा तो २ मीटर १० सेंटीमीटर भरला. तर १९० फेऱ्यांना ३९९ मीटर होतात, वर एक मीटर टेपने घाला, ४०० मीटर झाले. टायरमध्ये हवा नीट भरलेली असावी आणि मोजणी दोनदा करावी. हे काही गरिबाचे कसेबसे भागवणे नव्हे. मोठमोठ्या मॅरेथॉनच्या शर्यतींचे मार्गसुद्धा जीपीएसने नव्हे, तर अशाच चाक मोजलेल्या सायकलीने अधिकृतपणे मोजतात.

मग जीपीएसचे घड्याळ कोणी घ्यावे? राज्य राखीव पोलीस दलाच्या ५ किलोमीटरची तयारी करणाऱ्याने, रोज सडकेवर सात-आठ किलोमीटर धावणाऱ्याने, दहा किलोमीटर किंवा अर्धमॅरेथॉनच्या स्पर्धेत उतरू पाहणाऱ्याने. लांब अंतरावर आपला वेग दर किलोमीटरला कळणे उपयोगाचे असते. पहिल्याच किलोमीटरला जीव तोडून पळायचे आणि चौथ्याला धापा टाकत चालायचे, ही सवय त्याने मोडते. पण तरीही आधी एक महिना घरातल्या मोबाईलवर धावण्याचे एखादे फुकट ॲप घालून पाहावे. मोबाईललाही जीपीएस असतेच. महिनाभर नेमाने धावून झाले की मग घड्याळाचा विचार करावा.

खरेदीला गेल्यावर पुढील गोष्टी पाहाव्यात.

एक : घड्याळाचे स्वतःचे जीपीएस आहे का? सर्वांत जास्त फसगत इथेच होते. दोन-तीन हजारांच्या बहुतेक स्मार्ट घड्याळांत स्वतःचे जीपीएस नसते, ती मोबाईलचे जीपीएस उसने घेतात. मोबाईल घरी ठेवला की ती हाताच्या हालचालीवरून अंदाजाने अंतर सांगतात. खोक्यावर 'बिल्ट-इन जीपीएस' असे लिहिलेले पाहावे. 'कनेक्टेड जीपीएस' म्हणजे मोबाईलवर अवलंबून. घड्याळ घरी आल्यावर मोबाईल घरी ठेवून मोजलेल्या अंतरावर एकदा धावून पाहावे आणि परत करण्याची मुदत आहे तोवरच हे करावे.

दोन : बटणे. घामाच्या किंवा पावसाच्या ओल्या बोटांनी काचेवर टिचकी लागत नाही. फेरी नोंदवायला दाबण्याचे बटण असलेले घड्याळ धावणाऱ्याला बरे.

तीन : बॅटरी. 'दहा दिवस चालते' हा आकडा जीपीएस बंद असतानाचा असतो. जीपीएस चालू ठेवून किती तास चालते, ते विचारावे.

चार : पाणी. '५ एटीएम' लिहिलेले असावे, म्हणजे पावसात व घामात काळजी नाही.

पाच : पक्के बिल, वॉरंटीचा कागद, आणि पट्टा व चार्जर नंतर सुटा मिळतो की नाही. प्रत्येक कंपनीचा चार्जर वेगळा असतो. तो हरवला की घड्याळ पडून राहते. तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

नाडीचे ठोके मनगटावर हिरव्या प्रकाशाने मोजतात. त्या जागी गोंदण असेल किंवा पट्टा सैल असेल तर आकडा चुकतो. रक्तातली साखर सुई न टोचता दाखवतो म्हणणाऱ्या घड्याळावर विश्वास ठेवू नये. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्येच तसा इशारा दिला आहे.

किमतीचे म्हणाल तर स्वतःचे जीपीएस असलेली अमेझफिट बिपसारखी घड्याळे सात-आठ हजारांच्या आसपास किंवा त्याखाली मिळतात. खास धावणाऱ्यांसाठी बनवलेले गार्मिन फोररनर ५५ घ्यायचे तर पंधरा-वीस हजारांची तयारी हवी. भाव सणासुदीला खालीवर होतात. आता घरचा हिशेब मांडा. रोजची हजेरी ५०० रुपये धरली तर साडेसात हजार म्हणजे पंधरा दिवसांचे काम आणि वीस हजार म्हणजे चाळीस दिवसांचे. 'बिनव्याजी हप्ता' म्हटले तरी प्रक्रिया शुल्क व त्यावरील जीएसटी किती, रोखीचा भाव किती आणि एक हप्ता चुकला तर दंड किती, हे तीन प्रश्न विचारल्याशिवाय सही करू नये. आणि पैसा आधी कोठे जावा याचा क्रमही ठरवावा : पायात चांगले बूट, ताटात अंडी-शेंगदाणे-उसळ, भरतीचा अर्ज व प्रवासखर्च, मग साधे स्टॉपवॉच, आणि उरले तर जीपीएस. पहाटे अंधारात सडकेवर धावणाऱ्यांनी अंगावर चमकणारी पट्टी आधी घ्यावी. ऊसहंगामात नगर-मनमाड रस्त्यावर ट्रॉल्या कशा चालतात हे सर्वांना ठाऊक आहे.

आपल्या जिल्ह्याला लागूनच बीड जिल्ह्याचा आष्टी तालुका आहे. तिथल्या मांडवा गावचा अविनाश साबळे शेतकऱ्याचा मुलगा. घरापासून शाळा सहा किलोमीटर लांब. बारावीनंतर तो लष्करात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला. १९४१ साली बेळगावला उभी राहिलेली ही रेजिमेंट आपल्या घराघरांत माहीत आहे. सियाचीनच्या बर्फात त्याने नोकरी केली आणि धावण्याच्या स्पर्धांकडे तो वळला त्यानंतर, लष्करातच. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर अडथळा शर्यतीत त्याने रौप्यपदक घेतले. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. अशा खेळाडूंना आज प्रशिक्षक आणि उत्तम साधने मिळतात व ती मिळायलाच हवीत. पण ही साधने हाती आली ती पाय तयार झाल्यावर, हेही आपल्या पोरांना सांगावे.

शेवटी मुलींविषयी. घरात एकच घड्याळ आले तर ते आपोआप मुलाच्या हातात जाते, असे होऊ नये. ज्याची परीक्षा आधी त्याच्याकडे ते आधी, हा नियम करावा. धावण्याच्या ॲपवर आपला रोजचा मार्ग इतरांना दिसू शकतो. २०१८ च्या जानेवारीत अशाच एका ॲपच्या नकाशावरून लष्करी तळ उघडे पडले होते. म्हणून पोरीच्या आणि पोराच्याही मोबाईलमध्ये खाते 'खासगी' करून ठेवावे आणि घराजवळचा भाग लपवावा. मात्र तिच्यावर पाळत ठेवायला घड्याळ घेऊ नये. तिला सोबत हवी असेल तर पहाटे आई-बापापैकी कोणी मैदानाच्या कडेला उभे राहावे आणि स्टॉपवॉचही त्यांनीच धरावे.

येत्या रविवारी सायकल, टेप आणि चुना घेऊन वस्तीतल्या तरुणांनी आपले मैदान मोजावे. एक वही करून त्यात रोज प्रत्येकाची वेळ तारखेसह लिहावी. मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. महिन्याने ती वही पाहिली की कोणाला घड्याळाची खरोखर गरज आहे ते त्यातूनच कळेल.