पहिल्या खर्ड्याची पूजा

लिहिलेल्यावर पुन्हा हात फिरवणे म्हणजे स्वतःशी बेइमानी, असे एका नामवंत लेखकाने नुकतेच व्यासपीठावरून ठणकावले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: स्फुरले तेच अस्सल, सुधारले की नुसती कारागिरी उरते, आणि वाचकाचे ऐकतो तो लेखक नव्हे, दुकानदार. टाळ्या पडल्या. समोरच्या नवोदितांनी ही वाक्ये वहीत उतरवून घेतली, म्हणून हा लेखप्रपंच.

उमाळा खरा असतो, हे कोण नाकारतो? पण मनात आला तोच कागदावर उतरला, हे कशावरून? पहिल्या खर्ड्यात आधी वाचलेल्यांचे आवाज उतरतात, तयार वाक्प्रयोग उतरतात, हाताची सवय उतरते. लेखकाचे स्वतःचे वाक्य त्यांच्याखाली दबलेले असते आणि खाडाखोडीशिवाय ते वर येत नाही. म्हणजे ज्याला हे गृहस्थ अस्सल म्हणतात, तेच बहुधा सर्वांत उसने असते.

टी. एस. एलियटची 'द वेस्ट लँड' ही कविता १९२२ साली छापली गेली. तिचे हस्तलिखित १९७१मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्याचा कवीमित्र एझ्रा पाउंड याने त्यावर किती निर्दयपणे काट मारली होती ते जगाला दिसले. कवितेचा चौथा भाग तर एका लांबलचक सागरसफरीतून अवघ्या दहा ओळींवर आला. खचलेला एलियट त्या दहा ओळीही काढायला निघाला होता. त्या राहू दे, असे पाउंडनेच बजावले. पत्नी व्हिव्हियनचेही शेरे त्या कागदांवर आहेत आणि तिने सुचवलेली एक ओळ कवितेत आहे. उलट पाउंडने शंका घेतलेल्या काही ओळी एलियटने तशाच ठेवल्या. आता यातला दुकानदार कोण? पहिल्या खर्ड्याची पूजा करायची, तर विसाव्या शतकातली ही थोर कविता आधी रद्द करावी लागेल.

वाचकांच्या आग्रहाने लेखक बिघडतो, हा दुसरा आक्षेप. बिघडतो, कबूल, पण तो आग्रह ओळखण्याइतकी अक्कल लेखकाला असावी.

खरे तर हा वाद 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' या जुन्या भांडणाचेच पिल्लू आहे. तेव्हाही एका बाजूने वाचकाला गावंढळ ठरवले आणि दुसऱ्या बाजूने त्याला शाळेतले पोर मानले. त्याला विचारले कोणीच नाही.

माझे म्हणणे साधे आहे. वाचक दुखणे दाखवतो, औषध लेखकाने शोधायचे. 'इथे मी कंटाळलो' हे त्याचे म्हणणे नेहमी खरे असते. 'नायिकेला मारू नका' हे ऐकलेच पाहिजे असे नाही. आपल्याकडे संपादन म्हणजे ऱ्हस्वदीर्घ तपासणे, एवढीच अनेकांची समजूत आहे. दुसरी आवृत्ती म्हणून निघते ते बहुतेकदा नुसते पुनर्मुद्रण, पहिल्या चुकांसकट.

नवोदितांनो, वहीतली ती वाक्ये खोडा. हस्तलिखित प्रकाशकाकडे धाडण्याआधी तुमची भीड न बाळगणाऱ्या दोघांना वाचायला द्या, आणि ते कुठे थांबले तेवढे विचारा.