‘एक चमचा’ हे औषधाचं माप नव्हे

लहान मुलांच्या तापाचं औषध ‘एक चमचा द्या’ असं सांगण्याची पद्धत बंद झाली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. शरीराला कळतात ते मिलिग्रॅम, चमचे नव्हेत. शिवाय प्रत्येक घरातला चमचा वेगळा.

पॅरासिटामॉलचंच बघा. आपल्याकडे मुलांसाठी ते साधारण तीन रूपांत मिळतं. थेंबांच्या छोट्या बाटलीवर लिहिलेलं असतं, १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम. साध्या सिरपवर, ५ मिलीमध्ये १२०. जास्त तीव्रतेच्या सिरपवर, ५ मिलीमध्ये २५०. नुसते आकडे वाचले तर १०० वालं औषध सर्वांत सौम्य वाटतं. आता तिन्हींचं प्रमाण १ मिलीला काढा: थेंब १००, साधं सिरप २४, दुसरं सिरप ५०. म्हणजे सर्वांत तीव्र निघाले ते थेंबच!

समजा बाळाचं वजन १० किलो आहे. किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशोबाने एका वेळी १५० मिलिग्रॅम लागतील. थेंबांच्या बाटलीतून दीड मिली, साध्या सिरपचे सव्वासहा मिली, दुसऱ्याचे ३ मिली. सिरप संपलं म्हणून तेच सव्वासहा मिली थेंबांच्या बाटलीतून दिले, तर पोटात ६२५ मिलिग्रॅम जातात, चौपटीहून जास्त. असे डोस पुन्हा पुन्हा गेले तर यकृताला गंभीर इजा होऊ शकते. उलट, थेंबांचं दीड मिलीचं माप सिरपला लावलं तर जेमतेम ३६ मिलिग्रॅम मिळतात. मग ताप उतरत नाही आणि दोष औषधाला!

‘पेशंटला मिलिग्रॅम कळत नाहीत,’ असं काही डॉक्टर म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. मंडईत पावकिलोचा भाव ऐकून किलोचा भाव क्षणात सांगणाऱ्या गृहिणीला हे गणित अवघड नाही. पण रात्री दोन वाजता, तापाने फणफणलेलं मूल मांडीवर असताना ते तिने का करावं? ते काम डॉक्टरांचं आणि औषध कंपन्यांचं आहे. अमेरिकेत २०११ साली कंपन्यांनी मुलांच्या पातळ पॅरासिटामॉलची तीव्रता एकच, ५ मिलीमध्ये १६० मिलिग्रॅम, ठेवायचं ठरवलं. आपल्याकडे निदान प्रत्येक बाटलीवर १ मिलीचं प्रमाण ठळक छापायला काय हरकत आहे?

तोपर्यंत एवढं करा. डॉक्टरांकडून मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही लिहून घ्या. बाटली बदलली की माप पुन्हा विचारा. बाटलीसोबतचा ड्रॉपर किंवा मापाचं झाकण त्याच बाटलीसाठी वापरा. चुकून जास्त डोस गेला, तर मूल खेळतंय म्हणून थांबू नका. यकृताची इजा पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही. बाटली बरोबर घ्या आणि ताबडतोब रुग्णालय गाठा.

आणि डॉक्टर घाईत दिसले तरी विचारायला संकोच करू नका. तो तुमचा हक्क आहे.