क्रॉस-लिंकिंगनंतरचा नेत्रदाब : आकड्यावर विसंबू नये

केराटोकोनस या विकारात स्वच्छमंडल, म्हणजेच कॉर्निया, पातळ व दुर्बल होऊन शंकूप्रमाणे पुढे येते. ऐन तारुण्यात दृष्टी क्षीण करणाऱ्या या व्याधीची वाढ थोपविण्यासाठी ‘क्रॉस-लिंकिंग’ ही चिकित्सा आता रूढ झाली आहे. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे विकसित झालेल्या मूळ पद्धतीत स्वच्छमंडलाचा बाह्यस्तर काढून रिबोफ्लेविनचे थेंब घालतात व ३० मिनिटे अतिनील किरण देतात. त्यामुळे कोलॅजनचे तंतू परस्परांशी बांधले जाऊन स्वच्छमंडलास दृढता येते.

ही दृढताच नेत्रदाबाच्या मापनात घोटाळा करते. प्रचलित गोल्डमन टोनोमीटर स्वच्छमंडल दाबून सपाट करण्यास किती बल लागते, यावरून दाब ठरवितो. त्याचे गणित सुमारे ५२० मायक्रॉन जाडीच्या निरोगी स्वच्छमंडलावर बेतलेले आहे. केराटोकोनसमध्ये म्हणूनच दाब खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. क्रॉस-लिंकिंगनंतर मात्र आतील दाब न बदलताही आकडा वाढलेला दिसू शकतो.

मग वाढलेला आकडा केवळ यंत्राचा दोष समजून सोडून द्यावा काय? मुळीच नाही. या चिकित्सेनंतर दाह शमविण्यासाठी काही आठवडे स्टेरॉइडचे थेंब दिले जातात आणि काही व्यक्तींमध्ये त्यांमुळे नेत्रदाब खरोखरच वाढतो. या दोन कारणांतील भेद एका आकड्यावरून होत नाही. त्यासाठी चिकित्सेपूर्वीची नोंद, स्वच्छमंडलाची जाडी, शक्यतो त्याच यंत्राने केलेले पुनर्मापन व दृष्टिनाडीची तपासणी आवश्यक ठरते. भेद चुकला तर एका रुग्णाच्या माथी काचबिंदूचे औषध विनाकारण बसते, तर दुसऱ्याची दृष्टिनाडी नकळत क्षीण होते.

येथे आपणा वैद्यांना विशेष सावध राहावयास हवे. सुश्रुताचार्यांनी वर्णिलेल्या अधिमंथात तीव्र वेदना हे प्रमुख लक्षण आहे. स्टेरॉइडजन्य दाबवृद्धी मात्र बहुधा वेदनेशिवाय होते. वेदना नाही म्हणून दाब नाही, असे अनुमान काढू नये. नेत्रविकाराच्या प्रत्येक तरुण रुग्णास क्रॉस-लिंकिंग झाले आहे काय, केव्हा झाले व कोणते थेंब चालू आहेत, हे विचारून केसपेपरवर नोंदवावे. बाह्यस्तर भरून येऊन नेत्रतज्ज्ञांची अनुमती मिळेपर्यंत तर्पण, आश्च्योतन वा अंजन योजू नये. चालू थेंब परस्पर बंदही करू नयेत.

औषधविक्रेते बंधूंचे दायित्वही तितकेच मोठे आहे. डोळ्यांस बरे वाटते म्हणून जुन्याच चिठ्ठीवर स्टेरॉइडचे थेंब पुन्हा मागणारा ग्राहक दुकानात नेहमीच येतो. त्यास नवी बाटली न देता नेत्रतज्ज्ञांकडे पाठविणे, यात एका विक्रीची हानी आहे खरी. परंतु काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याच पॅथीच्या औषधाने परत येत नाही.