पोटखराबा आणि मातींतला बेडूक

खडक, चर, पाणी सांचणारी खोलगट जागा असें जें कांहीं गटांत लागवडीस निरुपयोगी असेल, तें सातबाऱ्यांत 'पोटखराबा' या सदराखालीं लिहावयाचें व त्यावर आकार बसवावयाचा नाहीं, हें वाचकांस ठाऊकच आहे. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां हा शब्द मीं हजारों वेळां उतरून काढला असेल. त्या जागेंत कोण राहतें, हें विचारण्याचें कारण मात्र कधीं पडलें नाहीं.

तें गेल्या चैत्रांत पडलें. आमच्या शेताच्या खालच्या कोपऱ्यांत दोन गुंठ्यांचा खोलगा आहे. पुतण्यानें तो बुजविण्यास यंत्र आणविलें. "काका, जागा उगाच पडून आहे," असें त्याचें म्हणणें, आणि त्यांत गैर कांहींच नव्हतें. २०१८ सालीं नियमांत दुरुस्ती झाल्यापासून 'अ' वर्गाचा पोटखराबा लागवडीस आणल्यास तो लागवडीयोग्य क्षेत्रांत नोंदवितां येतो. परंतु यंत्रानें काढलेल्या ढेकळांतून दोनेक इंचांचे, गोल पोटाचे, आखूड पायांचे तीन बेडूक निघाले. मेलेलेच वाटले. सावलींतल्या ओल्या मातींत ठेवून तासाभरानें पाहतों तों तिघेही जमिनींत गडप!

विहिरींतल्या बेडकाची व याची जात निराळी. शास्त्रज्ञ या बेडकांस 'स्फेरोथेका' म्हणतात. पश्चिम भारतांतील त्यांच्या एका जातीस २०१७ सालीं 'पश्चिमा' असें नांव मिळालें. मागच्या पायाच्या आंतल्या कडेस खुरप्याच्या पात्यासारखी एक कठीण गांठ असते. तिनें माती उकरीत तो पाठमोरा खालीं उतरतो, आणि माती वरून आपोआप मिटते. (इतकें सुटसुटीत अवजार आमच्या लोहारानेंही घडविलेलें मीं पाहिलें नाहीं.) उन्हाळा तो असाच दडून काढतो. पहिला दमदार पाऊस झाला कीं रात्रीं वर येतो. वाळवीलाही याच सुमारास पंख फुटतात, त्यामुळें पोटाची सोय होते. नर गळा फुगवून ओरडतात, आणि मादी उथळ सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालते.

येथून पुढें खरी घाई. बेडूकमाशांस पाय फुटून शेपूट जिरेपर्यंत डबकें टिकलें पाहिजे; आधीं आटलें तर सगळी वीण चिखलांत वाळते. मग शेततळें आहेच कीं, असें कोणी म्हणेल. पण बारमाही पाण्यांत मासे आले, आणि मासे अंडीं व पिलें खातात. शिवाय अस्तराच्या गुळगुळीत कडेवर चढणें या आखूड पायांचें काम नव्हे. चार आठवडे भरून पुढें आटणारें पाणी, हेंच त्याला हवें.

बेडूक राखला म्हणजे फवारणी थांबेल, असें मी म्हणणार नाहीं. तसलीं आश्वासनें ऐकून शेतकरी विटला आहे. डासांचा आक्षेपही खरा, म्हणून घरालगतचें डबकें अवश्य बुजवावें. परंतु शिवाराच्या कडेचा एक खोलगा गेला कीं आसपासच्या शेतांत दडलेल्या सगळ्या बेडकांची विण्याची जागा जाते, आणि ती दुसरीकडे करून देण्याची तजवीज कोणाजवळही नाहीं. तेव्हां सभासदांनीं ज्याला जमेल त्यानें असा एखादा कोपरा राखावा, आणि पाणी आहे तोंवर त्याच्या कडेनें तणनाशक मारूं नये, एवढीच माझी विनंती.

पुतण्याशीं तडजोड झाली. एका गुंठ्यांत आतां कडवळ उभें आहे. दुसरा तसाच ठेविला. मृगांत तेथें रात्रभर ओरड चालली होती, आणि श्रावणांत हरभऱ्याएवढीं पिलें बांधावरून कडवळांत शिरतांना पुतण्यानेंच मला बोलावून दाखविलीं. त्या गुंठ्याची नोंद पोटखराबा अशीच राहूं द्यावी, असें मीं त्याला सांगून ठेविलें आहे.