हवा भरली म्हणजे चाक दुरुस्त झाले का?



गेले काही शनिवार मधल्या सुट्टीत चहाच्या टेबलाभोवती एकच विषय होता : आमच्या वर्गातील एका मैत्रिणीच्या बाबांची मोटरसायकल. त्यांच्या मागे बसूनच ती दर शनिवारी मराठीच्या वर्गाला येते. इथे इंग्लंडमध्ये थंडीत रस्त्याच्या फटींत पाणी शिरते, गोठून फुगते आणि डांबर उखडते. अशाच एका खड्ड्यात पुढचे चाक आदळले आणि रिमच्या कडेला पोचा पडला. पोचा अंगठ्याएवढाच, पण तेव्हापासून चाकातील हवा आठवड्याभरात ३६ पौंडांवरून २८ वर येऊ लागली. काका दर शुक्रवारी रात्री पंपाने हवा भरत.

टेबलावर सल्ल्यांची कमी नव्हती. "आमच्या सांगलीला पंक्चरवाला हातोडीचे चार ठोके मारून मोकळा होतो." "आत ट्यूब घालून टाका." "हवा भरतोस ना? मग चालतंय की!" आम्हां मोठ्या गटातील मुलांचे मत मात्र निराळे आहे. लहान तोंडी मोठा घास वाटला तर माफ करा.

सांगलीचा सल्ला खोटा नाही. पण तो जुन्या, तारांच्या पोलादी चाकासाठी आहे. त्या चाकात हवा ट्यूबमध्ये असते, रिम थोडी वाकली तरी हवा जात नाही. पोलादही ठोकले की वळते. काकांचे चाक ओतीव ॲल्युमिनियमचे आणि टायर ट्यूबलेस. त्यात टायरची कड रिमला घट्ट चिकटून बसते म्हणूनच हवा आत राहते. पोचा पडला की तिथे फट राहते. आणि हा धातू थंड असताना ठोकला तर वळण्याऐवजी त्याला तडा जाऊ शकतो. आता भारतातही अशी चाके पुष्कळ आहेत, तेव्हा तिथेही हातोडी जपूनच उचलावी.

ट्यूब घातली तर गळती झाकली जाते, पोचा तसाच राहतो. शिवाय ट्यूब फुटली की हवा बहुधा एकदम जाते.

"हवा भरली की झाले" हे तर आम्हांला मुळीच पटत नाही. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, तापतो आणि हँडल जड होते. पुढच्या चाकावरच ब्रेकचा मोठा भार येतो. शुक्रवारी भरलेली हवा गुरुवारी किती उरली, हे मागे बसलेल्या मुलीला कसे कळणार?

मग करावे काय? आम्ही काकांबरोबर पार्किंगमध्ये एक प्रयोग केला. भांडी घासायच्या साबणाचे पाणी आधी व्हॉल्व्हवर लावले, मग टायरवर सगळीकडे, शेवटी रिमच्या दोन्ही कडांना. बुडबुडे फक्त पोच्यापाशी आले. म्हणजे पंक्चर नव्हते, दोष रिमचाच होता. त्यानंतर काकांनी चाक रिमचेच काम करणाऱ्या कारागिराकडे दिले. त्याने टायर उतरवून आतून तडा आहे का ते पाहिले, चाक किती वाकले ते मोजले आणि बेताची उष्णता व दाब देऊन ते सरळ केले. तडा असता तर चाक बदलावेच लागले असते.

तडा नव्हता! सांगलीचे काका लगेच म्हणाले, "बघा, उगाच खर्च केलात." काका, तडा नव्हता हे टायर उतरवल्यावरच कळले ना? चार ठोक्यांनी ते कसे कळले असते?

खर्च झाला हे खरे, आणि बिल आम्ही भरत नाही हेही खरे. दोन शनिवार बाप-लेक बसने आले, उशिरा आले आणि बाईंची बोलणीही खाल्ली. पण थोडा खर्च परत मिळण्याची शक्यता असते. हायवेज ॲक्ट, १९८० च्या ४१ व्या कलमानुसार रस्ता नीट ठेवणे हे रस्ते सांभाळणाऱ्या संस्थेचे, म्हणजे बहुतेक रस्त्यांच्या बाबतीत कौन्सिलचे, काम आहे. ५८ व्या कलमाप्रमाणे आपण योग्य ती काळजी घेतली होती असे दाखवून कौन्सिल जबाबदारी नाकारू शकते. म्हणून खड्ड्याची जागा, तारीख, फोटो आणि दुरुस्तीची पावती जपून ठेवावी. पैसे मिळोत न मिळोत, खड्डा मात्र नक्की कळवावा. मागून दुसऱ्या कुणाचे तरी बाबा येत असतात.

आई-बाबांनो, तुमच्या घरी दर आठवड्याला हवा मागणारे एखादे चाक आहे का? मोटरसायकलचे, गाडीचे किंवा आमच्या सायकलचे? असेल तर पंप शोधण्याआधी साबणाचे पाणी करा. बुडबुडे शोधायला आम्ही येतो.

— मोठा गट