धारेवर धरलेली कॉफी

यंत्रांशी माझं वैर नाही. कपडे धुण्याचं यंत्र ज्याने शोधलं त्याच्या तसबिरीला मी रोज हार घालीन. मिक्सर नसता तर आमच्या घरच्या निम्म्या चटण्या पाट्यावरच राहिल्या असत्या. पण किटलीतून पाणी ओतायला यंत्र? इथे मात्र मी पाय रोवून उभा आहे.

आमचे चिरंजीव बंगळूरला नोकरीला असतात. त्यांना कॉफीचं वेड लागलं, तेही साधं नव्हे, 'पोअर-ओव्हर'चं. म्हणजे काय, तर नरसाळ्यात कागद बसवायचा, कागदात कॉफीची पूड घालायची आणि वरून गरम पाणी ओतायचं. आपण याला 'गाळणं' म्हणत आलो. पण गाळण्याला शास्त्र नव्हतं, याला आहे. पूड १५ ग्रॅम. पाणी २५० ग्रॅम, कारण सगळा संसार वजनकाट्यावर मांडलेला असतो. पाणी ९२ ते ९६ अंशांवर. आधी थोडंसंच पाणी घालून अर्धा-पाऊण मिनिट थांबायचं; ताज्या पुडीतला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि पूड भाकरीसारखी टम्म फुगते. मग हंसाच्या मानेच्या किटलीतून बारीक धार, गोल गोल फिरवत. तीन-साडेतीन मिनिटांत पेला तयार. आणि खरं सांगतो, चांगली लागते. ज्या घरात कॉफी म्हणजे दूध, साखर, जायफळ आणि शास्त्रापुरती कॉफी, त्या घरातल्या माणसाने दिलेलं हे प्रशस्तिपत्र आहे!

आता तेच चिरंजीव म्हणतात, "बाबा, हे सगळं आपोआप करणारं मशीन आलंय. घेऊया घरी. बटण दाबलं की झालं."

किंमत पाच आकडी. मी विचारलं, "ते नक्की करतं काय?"

"पाणी बरोबर तापवतं, पूड फुगेपर्यंत थांबतं, मग भोकाभोकांतून सारखं पाणी सोडतं."

"आणि पूड दळणं, वजन करणं, कागद बसवणं, टाकी भरणं, ओला चोथा फेकणं, भांडं विसळणं, टाकीत साचलेला क्षार अधूनमधून काढणं?"

"ते आपण."

वा! उद्या पुरणपोळी खाणारं यंत्र निघेल. पुरण आपण वाटायचं, कणीक आपण मळायची, ताटं आपण घासायची. खायचं तेवढं यंत्राने. या सबंध खटाटोपात गंमत असलेलं काम एकच, ते म्हणजे ओतणं. नेमकं तेच यांनी यंत्राला आंदण दिलं.

तुम्ही म्हणाल, माणसाचा हात रोज सारखा चालत नाही, यंत्राचा चालतो. कबूल. कचेरीत चाळीस पेले लागतात, तिथे खुशाल घ्या. संधिवाताने मनगट धरलं असेल त्याने तर आजच घ्यावं. पण दोन-तीन पेल्यांच्या घरात? आणि आपोआपच हवी असेल, तर दाक्षिणात्य मंडळींचा पितळी फिल्टर आहेच. रात्री वरच्या भांड्यात पूड आणि गरम पाणी घाला, झोपा. सकाळी खाली अर्क जमलेला. तो न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणावर चालतो, आणि गुरुत्वाकर्षणाला अजून लोडशेडिंग लागू झालेलं नाही.

मुळात हा कागद आला कुठून? १९०८ साली जर्मनीत, ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने पितळेच्या भांड्याला खिळ्याने भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात घातला आणि कॉफी गाळली. खर्च : एक खिळा आणि मुलाची वही. पुढे १९५४ साली विजेवर चालणारं 'विगोमाट' जर्मनीतच निघालं, आणि १९७२ साली अमेरिकेत घरगुती यंत्र आलं, त्याचं नाव काय असावं? 'मिस्टर कॉफी'! भोकं पाडली बाईने आणि नाव लागलं मिस्टरांचं. आमच्या हिला हे सांगितलं, तर तिला मुळीच आश्चर्य वाटलं नाही. तीस वर्षं ती पहाटे उठून काट्याशिवाय, तापमापकाशिवाय रोज तीच चव काढत आली. त्या मनगटाला या घरात कुणी कौशल्य म्हटलं नाही. तोच हात यंत्रात बसवला की त्याला 'प्रिसिजन' म्हणायचं.

पण माझा खरा राग निराळाच आहे. चिरंजीव दिवाळीला येतात तेव्हा चार दिवस मान खाली घालून फोनमध्ये असतात. अपवाद सकाळची कॉफी. एका हातात किटली, डोळा काट्यावर, त्यामुळे फोन धरायला हातच उरत नाही. ओट्याशी शेजारी आई भाजी निवडत उभी असते. त्या साडेतीन मिनिटांत त्याच्या तोंडून जे निघतं, ते वर्षभराच्या फोनवर निघत नाही. घरमालकाचं भांडण, साहेबाचा स्वभाव, गेल्या वर्षी तर लग्नाचा विषयसुद्धा पूड फुगेपर्यंतच्या पाऊण मिनिटात निघाला होता. बटण दाबलं की हात मोकळा, आणि मोकळा हात कुठे जातो हे तुम्हाला मी सांगायला नको.

हे सगळं त्याला कसं सांगायचं, या विवंचनेत मी होतो. शेवटी हिनेच फोन घेतला.

"घे की रे मशीन," ती म्हणाली, "पण आपल्या ओट्यावर जागा नाही हो. तुझ्या बंगळूरच्या खोलीवर ठेव. इथे आलास की आपली ती किटलीच बरी."