कसोटी संमतीची हवी

जिंतूरच्या एखाद्या सज्ञान मुलीचा साधा फोटो उचलून कुणी एआयने तिचे नग्न चित्र बनवले, तर कलम कोणते लावायचे? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66ई संमतीशिवाय खासगी अवयवांचे चित्र टिपण्या-पसरवण्याला शिक्षा देते. पण शरीर तिचे नाहीच, असा बचाव आरोपीला सुचतो. त्याच कायद्यातली उरतात कलमे 67 आणि 67अ. त्यांची कसोटी अश्लीलतेची किंवा उघड लैंगिक कृतीची, मुलीच्या संमतीची नव्हे. शिवाय नुसते चित्र बनवणे त्यांत बसत नाही. ही पळवाट संसदेने बुजवलीच पाहिजे. ब्रिटनने 2025 मध्ये असे चित्र बनवणेही गुन्हा ठरवले.

अशा कायद्यातून व्यंगचित्रकार भरडले जातील, हा आक्षेप गंभीर आहे. पण गुन्हा फक्त संमतीविना केलेल्या लैंगिक चित्रांपुरता ठेवला, तर राजकीय टीकेला धक्का लागत नाही. चित्राचा प्रसार रोखायला वेगही हवा. सर्व्हरवर हल्ला झाला की 6 तासांत केंद्राच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवण्याचे बंधन 2022 पासून आहे. त्याच धर्तीवर, तक्रार येताच मूळ चित्र न पाठवता त्याची डिजिटल ओळखखूण सर्व कंपन्यांना तत्काळ देण्याचे बंधन खुद्द कायद्यात हवे. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास कलम 78 नुसार निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचाच पोलीस अधिकारी करू शकतो. परभणी जिल्ह्यातल्या जिंतूरसारख्या ग्रामीण ठाण्यांना तसे प्रशिक्षित अधिकारी द्यावेच लागतील.